मित्रबुरशीची डीएनए ओळख : पाकिटावरचे नाव आणि आतली बुरशी

भिवंडी परिसरात भातावर तुडतुडे वाढू लागले की मेटारायझियम ॲनिसोप्ली ही मित्रबुरशी वापरायला सांगितले जाते. पाकीट घेताना तुम्ही नाव, दर आणि मुदत पाहता. त्या नावाची बुरशी नेमकी कोणती, हे मात्र आता नुसत्या सूक्ष्मदर्शकावर ठरत नाही, त्यासाठी डीएनए तपासावा लागतो.

पूर्वी बीजाणूंचा रंग व आकार पाहून नाव देत. मेलेल्या किडीवर हिरवी भुकटी दिसली तर मेटारायझियम, पांढरी दिसली तर बिव्हेरिया. बांधावरच्या अंदाजाला हे आजही चालते. पण २००९ मध्ये डीएनएच्या आधारे मेटारायझियम ॲनिसोप्लीच्या गटात नऊ वेगळ्या प्रजाती मानल्या गेल्या. त्यांपैकी ॲक्रिडम ही टोळ-नाकतोड्यांवरच चालते, तर रॉबर्ट्सी अनेक प्रकारच्या किडींवर. टोळांची बुरशी तुडतुड्यांवर मारली तर खर्च पाण्यात!

उलटही घडले. मका-सोयाबीनवरील अळ्यांसाठी वापरली जाणारी नोमुरिया रिलेई ही मेटारायझियमच निघाली. २०१४ पासून तिचे नाव मेटारायझियम रिलेई आहे. त्यामुळे लेबलवर जुने नाव आणि सल्ल्यात नवे दिसले तर गोंधळू नका, बुरशी तीच आहे. व्हर्टिसिलियम लेकॅनीचे तसे नाही. २००१ मध्ये ती लेकॅनिसिलियममध्ये गेली, तेव्हाच तिच्यातून अनेक प्रजाती वेगळ्या काढल्या गेल्या.

प्रयोगशाळेत बहुधा आधी आयटीएस हा डीएनएचा भाग वाचतात. २०१२ मध्ये तो बुरशींची सर्वसाधारण ओळखखूण म्हणून स्वीकारला गेला. मेटारायझियमच्या जवळच्या प्रजाती मात्र त्यावरून सुटत नाहीत, टीईएफ हे जनुकही वाचावे लागते. अहवालात फक्त आयटीएस असेल तर प्रजातीच्या नावावर फार विसंबू नका.

एकट्या शेतकऱ्याने हा खर्च करावा असे मला वाटत नाही. स्वतः बुरशी वाढवून सभासदांना देणाऱ्या गटांनी मात्र मूळ कल्चर तपासलेलेच घ्यावे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे, तेथे बुरशी ओळखून मिळते.

आणखी एक. डीएनए नाव सांगतो, पाकिटातले बीजाणू जिवंत आहेत की नाही ते सांगत नाही. त्यासाठी लेबलवरचा सीएफयू आकडा, स्ट्रेन क्रमांक व उत्पादनाची तारीख पाहा. पाकीट उन्हात ठेवू नका आणि फवारणीच्या टाकीत बुरशीनाशक मिसळू नका.