नीराकाठचे अकलूज आणि आपला वेळापूर परिसर : एक ऐतिहासिक दर्शन

सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील माळशिरस तालुका बाहेरच्या प्रवाशास ऊस, साखर कारखाने आणि आषाढी वारी यांमुळे परिचित आहे. परंतु या तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी नीरा नदी आणि तिच्या दक्षिणेकडील गावे यांस सातशे वर्षांहून अधिक काळाचा लिखित इतिहास आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने अनेक आप्तेष्ट बाहेरगावाहून वेळापुरी येतील. त्यांना सवडीने पाहता यावा, आणि येथे राहणाऱ्या आपणासही नव्याने न्याहाळता यावा, म्हणून या परिसराची ओळख करून देत आहे.

आरंभ अर्थातच वेळापूरपासून. येथील अर्धनारीनटेश्वराचे मंदिर यादवकालीन असून दगडी बांधणीचे आहे. समोर पायऱ्यांची पुष्करणी आहे. देवाचे नाव अर्धनारीनटेश्वर असे रूढ असले, तरी गाभाऱ्यातील मूर्ती अर्धे अंग पुरुषाचे व अर्धे स्त्रीचे अशी नाही. शिव आणि पार्वती शेजारी बसले असून एकमेकांस आलिंगन देत आहेत. मूर्तिशास्त्राचे अभ्यासक या प्रकारास उमामहेश्वर म्हणतात. येथे देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाच्या काळातील शिलालेख असून त्यांपैकी एक शके १२२२, म्हणजे इसवी सन १३०० च्या सुमाराचा आहे. तो मराठी भाषेत आहे. त्या काळी उत्तरेतून खिलजीची स्वारी देवगिरीवर येऊन गेलेली होती, राज्य डळमळीत झाले होते. तरीही या गावी धर्मकार्य चालू होते आणि त्याची नोंद दगडावर करून ठेवण्याची दक्षता कोणीतरी घेतली. व्यापारी माणसाच्या दृष्टीने पाहिले, तर शिलालेख ही एक जमाखर्चाची नोंदच होय. फरक इतकाच की आपली वही वाळवी खाते, दगडाची वही सात शतके टिकते.

वेळापुराहून उत्तरेस दहा-बारा किलोमीटरवर नीरेच्या काठी अकलूज वसले आहे. नदीलगत किल्ला आहे. अलीकडच्या काळात तेथे शिवसृष्टी उभारण्यात आल्याने मुलाबाळांसह जाण्यास हे स्थळ उत्तम झाले आहे. मात्र या काठाशी एक दुःखद आठवण निगडित आहे. इसवी सन १६८९ च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराज संगमेश्वर येथे पकडले गेले, तेव्हा औरंगजेबाची छावणी अकलूज येथे होती. ही वार्ता त्यास येथेच मिळाली आणि आनंदाच्या भरात त्याने गावाचे नाव असदनगर असे ठेवले. आज ते नाव इतिहासाच्या ग्रंथांबाहेर कोणाच्याही मुखी नाही. लोकांनी अकलूज म्हटले आणि अकलूजच राहिले. पुढे इसवी सन १८०३ च्या एप्रिलमध्ये पुण्याकडे निघालेल्या जनरल वेलस्लीच्या फौजेनेही येथे तळ दिला होता. फौजा आल्या आणि गेल्या, बाजारपेठ टिकली.

अकलूजच्या पूर्वेस नीरा-नरसिंहपूर येथे नीरा आणि भीमा यांचा संगम होतो. लक्ष्मी-नृसिंहाचे मंदिर व दगडी घाट पाहण्यासारखे आहेत. संगमावर सायंकाळी क्षणभर बसावे, इतके ते स्थान शांत आहे.

नदी जवळ असूनही पूर्वी हा मुलूख दुष्काळीच होता. पाऊस सह्याद्रीवर पडे आणि नीरेच्या पात्रातून वाहून जाई. भोरजवळील भाटघर धरण आणि नीरा उजवा कालवा यांमुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे चित्र पालटले. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी येथे येऊन ऊस लावला आणि माळीनगर येथे स्वतःचा साखर कारखाना उभा केला. नदीच्या पलीकडे इंदापूर तालुक्यात, सोलापुरात १८८२ साली जन्मलेले आपल्या समाजाचे सुपुत्र शेठ वालचंद हिराचंद यांनी वालचंदनगर वसविले. स्वातंत्र्योत्तर काळात शंकरराव मोहिते-पाटील यांच्या नेतृत्वाखाली अकलूजला सहकाराची जोड मिळाली. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, तेव्हाच आमच्या कापडाच्या दुकानांतील ठाणे उलगडू लागली, हे आम्हा व्यापाऱ्यांनी विसरू नये.

तालुक्याच्या पश्चिमेस नातेपुते परिसरात दहिगाव हे दिगंबर जैन अतिशय क्षेत्र आहे. भगवान महावीरांच्या या क्षेत्राशी ब्रह्म महतिसागर यांचे नाव जोडलेले असून त्यांच्या पादुका तेथे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील या सत्पुरुषांनी मराठीतून अभंगादी रचना करून धर्म सामान्य श्रावकाच्या भाषेत आणला. गुजरातेतून आलेली हुंबड कुटुंबे या भूमीत कशी रुजली, याचे उत्तर या मराठीपणात आहे.

आषाढात संत ज्ञानेश्वरांची पालखी नातेपुते, माळशिरसवरून वेळापुरी येते, तर संत तुकारामांची पालखी नीरा ओलांडून अकलूजला येते. वेळापूरजवळच्या उंचवट्यावरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. त्याची आठवण म्हणून वारकरी येथे ‘धावा’ करतात. त्या दिवशी घराघरांतून वारकऱ्यांना अन्नपाणी दिले जाते. त्यात कोण कोणत्या धर्माचा, हे कोणी विचारीत नाही.

या साऱ्या दर्शनातून एक विचार मनात येतो. बादशहाने दिलेले नाव पुसले गेले. लोकांनी जपलेले नाव आणि श्रद्धेने कोरलेली अक्षरे मात्र राहिली. परंतु अक्षरेही आपोआप टिकत नाहीत. जुन्या शिळांवर तैलरंग व चुना फासला गेला, की ती कायमची बुजतात. घरोघरच्या माळ्यावरील मोडी चोपड्या रद्दीत जातात. पन्नास वर्षांपूर्वी आपल्या ट्रस्टचा पहिला रुपया कोणी दिला, पहिली सभा कोठे भरली, हे सांगणारी पिढी आता थोडीच उरली आहे. तरी ट्रस्टने आपली सभावृत्ते, देणगीवह्या व जुनी छायाचित्रे एकत्र करून त्यांच्या प्रती काढाव्यात आणि प्रत्येक कुटुंबाने जुनी वही टाकण्यापूर्वी जाणकारास दाखवावी, अशी नम्र विनंती आहे. शके १२२२ मध्ये कोणा अनामिकाने छिन्नी चालविली, म्हणून आज आपणास आपल्या गावाचे वय ठाऊक आहे. येणाऱ्या पिढ्यांसाठी तेवढे कर्तव्य आपल्या वाट्यासही आले आहे.