धुऱ्यावरचं लगन

१९५६ चा जून. मृग लागायला चार दिवस आहेत. तुम्ही रामाकोन्याच्या शिवारात, वखरून तयार असलेल्या वावराच्या धुऱ्यावर उभे आहात. कन्हान नदीकडून गरम वारा येतोय. नागपूरची छोटी गाडी नुकतीच शिटी देऊन गेली. मध्य प्रदेशाची राजधानीही अजून नागपूरच. १ नोव्हेंबरपासून हा मुलूख भोपाळकडे पाहू लागेल.

"पुढं नोका जाऊ जी! नाग-धामणीचं लगन लागलं."

एक म्हातारा तुमचा हात धरतो. दहा पावलांवर दोन साप अर्धं अंग उचलून एकमेकांना पीळ घालताहेत. सहा-सात फुटांचे, पिवळसर तपकिरी, शेपटीकडे काळी जाळी. डोळे मोठे, बाहुल्या गोल. ओठांवरच्या उभ्या काळ्या रेघा नीट पाहा, दोघांनाही आहेत. फणा एकालाही नाही. म्हणजे नाग इथे नाहीच. दोन्ही धामणी, आणि दोन्ही नर! मीलनाच्या हंगामातली ही झुंज आहे. एक दुसऱ्याचं डोकं जमिनीकडे दाबतो, दुसरा निसटून पुन्हा वर चढतो. कोणी कोणाला चावत नाही. ज्याचं डोकं खाली राहिलं, तो हरला.

म्हातारा खांद्यावरचं पांढरं उपरणं त्यांच्यावर टाकतो. साप गेले की ते धान्याच्या कोठीत ठेवायचं, बरकत येते. ही समजूत चूक असली तरी मला ती प्रिय आहे, कारण तिच्यामुळे आज इथे काठी उचलली जात नाही. दुसरीकडे कातडीसाठी धामणी मारल्या जाताहेत. कातड्यांची निर्यात बंद व्हायला १९७६ उजाडावं लागेल.

आणि बरकत तर धामण खरंच देते, धान्य खाणारे उंदीर मारून. हरलेला नर उपरण्याखालून सटकून उंदराच्या बिळात शिरला. त्याला विष नाही, अजगरासारखा विळखाही तो आवळत नाही. उंदीर बिळाच्या भिंतीशी अंगाने दाबायचा आणि गिळायचा. बेडूक तर जिवंतच जातो पोटात. सरडे, पाखरांची पिल्लं, सगळं चालतं, आणि शिकार दिवसाउजेडी. गाईच्या पायांना वेटोळं घालून धामण दूध पिते, असं म्हातारा सांगेल. मागे वळलेल्या अणकुचीदार दातांच्या त्या तोंडाला दूध ओढताच येत नाही.

बिळाशी वाकून पाहायचं तर पाहा, पण वाट अडवू नका. कोंडली गेली की धामण मान फुगवून घशातून गुरगुरते आणि जोरात चावते. रक्त येईल, विष चढणार नाही.