बिनखुणेच्या काचेची साक्ष

आरमोरीस आपल्या विणकर ज्ञातीच्या जुन्या घरांत फडताळाच्या वरच्या कप्प्यात काचेचे एखादे शोभिवंत भांडे बहुधा आढळते. हळदीकुंकवास ते खाली उतरते व पुसून पुन्हा वर जाते. आमच्या घरीही अशीच पायाची एक हिरवट-पिवळी वाटी आहे. दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी कोशाच्या उपरण्यावर खूष होऊन ती आमच्या पूर्वजांस बक्षीस दिली, असे आम्ही बाळपणापासून ऐकत आलो.

वाटीच्या तळाशी ना नाव, ना सन. नाव नाही म्हणजे वस्तू फार प्राचीन, ही समजूत मात्र निराधार होय. कित्येक कारखाने केवळ कागदी चिठ्ठी डकवीत. ती धुण्यात निघून जाई. तेव्हा साक्ष काचेलाच विचारावयास हवी.

फुंकून घडविलेल्या भांड्याच्या तळाशी पुष्कळदा सळई मोडल्याचा खरबरीत वण किंवा तो घासून काढल्याची खळगी असते. साच्यात फुंकलेल्या भांड्याची नक्षी आतूनही हातास लागते. यंत्राने साच्यात दाबलेल्या भांड्यास बाहेर नक्षी व सांध्याच्या रेघा, तर आत गुळगुळीत पृष्ठ असते. आमची वाटी या शेवटच्या प्रकारची निघाली. दाबकामाची ही रीत 1820 नंतरच्या दशकात अमेरिकेत रुळली व मग युरोपात पसरली. पुढे नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली धरताच वाटी हिरवीगार उजळली. ही युरेनियमची खूण. असा रंग बोहेमियातील कारखान्यांनी 1830 नंतर प्रचारात आणला. तशी काच आजही होते, म्हणून तळाची झीजही पाहावी. वापराचे चरे नाना दिशांस जातात. कानसेने मुद्दाम पाडलेले बहुधा एकाच दिशेस धावतात.

दुसऱ्या रघूजींची कारकीर्द 1788 ते 1816. अर्थात ही वाटी त्यांच्या हातची असणे शक्य नाही.

मग ती आली कशी? नागपुरास आगगाडी 1867 मध्ये पोहोचली. गोंदिया-नागभीड हा अरुंद मार्ग 1908 मध्ये सुरू होऊन वडसा स्थानक आरमोरीच्या नजीक आले. पहिल्या महायुद्धापूर्वी ऑस्ट्रियाची व त्यानंतर जपानची काच आपल्या बाजारांत भरपूर येई. त्याच वाटेने ही वाटीही आली असावी, असा आमचा तर्क आहे.

हे आम्ही वृद्ध आत्याबाईंस भीत भीत सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे कोणी दिली नाही रे, आपणच घेतली."

आम्हांस वाटते, बक्षिसाहून मागाच्या कमाईचा हा मान उणा नाही. ज्ञातिबांधवांस विनंती एवढीच की, दारी येणाऱ्या जुन्या मालाच्या व्यापाऱ्यास भांडे देण्यापूर्वी दोन गोष्टी वहीत टिपून ठेवाव्यात: वडील माणसे काय सांगतात आणि काच काय सांगते. दोन्ही लिहाव्यात, परंतु वेगवेगळ्या पानांवर.