समुद्राशेजारचा नकली समुद्र

आजचा विषय जपानमधल्या मियाझाकीचा 'ओशन डोम'. १९९३ साली उघडलेला हा वॉटर पार्क म्हणजे छपराखाली कोंडलेला समुद्रच! सुमारे ३०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद इमारत, उघडझाप होणारं छप्पर, मशीनने उठणाऱ्या लाटा, बारा महिने ३० अंशांच्या आसपास हवा. गिनेसमध्येही नाव लागलं. गंमत म्हणजे खराखुरा पॅसिफिक चालत जाण्याच्या अंतरावर!

मग हा उपद्व्याप कशाला? तर १९६०च्या दशकात मियाझाकी म्हणजे जपानी जोडप्यांचं महाबळेश्वर. पुढे १९७२ मध्ये ओकिनावा जपानला परत मिळालं, परदेशवारीही आवाक्यात आली आणि हनिमूनवाले तिकडे वळले. १९८७ मध्ये सरकारने रिसॉर्ट कायदा आणला. करसवलती, स्वस्त कर्ज... मियाझाकी पहिल्याच फळीत होतं. पण डोम उघडेपर्यंत जपानचा फुगा फुटला होता. हिशेब तेजीतला आणि गिऱ्हाईक मंदीतलं, दुसरं काय होणार? २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, रिपलवूड या अमेरिकन फंडाने रिसॉर्ट घेतलं, २००७ मध्ये डोम बंद झाला आणि २०१७ मध्ये पाडायला घेतला.

आपल्या भाषेत सांगायचं तर पीक लोड धरून बांधलेली सिस्टिम. फरक एवढाच, की सर्व्हर रातोरात कमी करता येतात, काँक्रीट आणि कर्ज नाही. शिवाय या कंपनीत प्रांतिक सरकार आणि शहर दोघांचीही भागीदारी होती. म्हणजे तिथे कधी पोहायलाही न गेलेल्या लोकांचा पैसा त्या पाण्यात गेला. आपल्याकडे असा एखादा 'भव्य प्रकल्प' जाहीर झाला, की मी आता आधी भागीदारांची यादी बघतो.