एका कार्बनची भर

कार्बाइडचा दिवा आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिला असेल. कार्बाइडच्या खड्यांवर पाणी ठिबके, वायू निघे आणि तो लखलखीत जळे. तो वायू म्हणजे अ‍ॅसिटिलीन. त्यात दोन कार्बन तीन बंधांनी एकमेकांस जखडलेले असतात. मोठ्या रेणूच्या टोकाला अशी जोडी असली की त्याला टोकाचे अल्काइन म्हणतात. औषधांचे रेणू रचणाऱ्याला हे टोक फार मोलाचे, कारण तेथून पुढे साखळी जोडता येते. २०२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या जोडणीच्या कामाला मिळाले, तिच्यातही एका बाजूला बहुधा हेच टोक असते.

ते बसवायचे कसे? हाताशी पुष्कळदा अल्डिहाइड असते. दालचिनीचा वास हा अशाच एका अल्डिहाइडचा. त्याच्या टोकाचा ऑक्सिजन उपटायचा आणि एक कार्बन वाढवायचा, एवढेच काम. पण ते सोपे नव्हे. फॉस्फरसला ऑक्सिजनची भारी हाव. ती जर्मनीच्या व्हिटिग यांनी १९५३-५४ मध्ये कामाला जुंपली. १९६२ साली रामिरेझ, देसाई आणि मॅकेल्व्ही यांनी त्याच हावेच्या जोरावर ऑक्सिजनच्या जागी दोन ब्रोमीनवाला नवा कार्बन बसवला. उरलेली वाट तर त्याहूनही जुनी. हॅलोजन काढून घेतला की शेजारचा गट सरकतो व त्रिबंध होतो, हे फ्रिच, बुटेनबर्ग व वीखेल यांनी १८९४ सालीच दाखवले होते.

१९७२ साली अमेरिकेत कोरी व फुक्स यांनी हे दोन तुकडे सांधले. ब्रोमीन काढायला ब्यूटिल-लिथियम वापरले. विक्रियेला नाव पडले ते या दोघांचे. सांधणाऱ्याचे श्रेय मोठे, यात वाद नाही. पण निम्मे काम ज्यांचे, ते नावात कोठेच उरले नाहीत. त्यांत एक देसाई आहेत म्हणून मला हे जास्त टोचते, असे कोणी म्हणाले तर मी नाकारणार नाही.

ब्यूटिल-लिथियम मात्र दांडगा. हवा लागली तर पेट घेऊ शकतो. सुक्या बर्फाच्या थंडीत, उणे ७८ अंशांवर त्याला आवरावे लागते, आणि एवढे करूनही रेणूतला एखादा नाजूक भाग तो मोडून टाकतो. सेफर्थ यांनी १९७१ साली फॉस्फरस आणि नायट्रोजन दोन्ही असलेला एक विक्रियक अमेरिकेत सिद्ध केला होता. त्याने अल्काइन करताना फॉस्फरस ऑक्सिजन घेऊन जातो, नायट्रोजन वायू होऊन उडून जातो आणि मागे राहतो तो हवा असलेला कार्बन. गिल्बर्ट यांनी ही रीत पुढे नेली, परंतु तीव्र अल्कली आणि ती थंडी काही सुटली नाही. सुटली ती जपानच्या ओहिरांच्या १९८९ च्या कामाने. त्यांनी विक्रियकाला एक जादा गट जोडलेला ठेवला. मिथेनॉलमध्ये तो गळून पडतो आणि खरा विक्रियक चंबूतच तयार होतो. १९९६ साली जर्मनीत बेस्टमन व सहकाऱ्यांनी सारे काम एकाच भांड्यात, खोलीच्या तापमानावर आणले. अल्कली कोणती? पोटॅशियम कार्बोनेट, लाकडाच्या राखेत असतो तोच क्षार!

तरी जुनी रीत अडगळीत गेली नाही. ज्या अल्डिहाइडच्या शेजारीच द्विबंध असतो, तेथे या सौम्य रीतीत मिथेनॉलच मध्ये घुसून भलताच पदार्थ देतो. दालचिनीच्या वासाचा रेणू त्याच जातीचा. अशा वेळी पुन्हा सुका बर्फ काढतात आणि ब्यूटिल-लिथियमची बाटली सांभाळून उघडतात.