‘ओन्ली’मधला आपला ‘च’

आजचा शब्द सगळ्यांच्या ओळखीचा: ओन्ली. भाईंदर ईस्टला, आमच्या खारीत, कुणालाही फोन करून विचारा, “कुठेयस?” उत्तर येणार, “स्टेशनला ओन्ली.” ऑफिसात मात्र हेच बोललं की कुणीतरी हसतं. माझ्या पहिल्या नोकरीत तर ट्रेनिंगच्या स्लाइडवर ‘चुकीचं इंग्रजी’ म्हणून हे लावलं होतं. त्यानंतर बॅचमधली मराठी मीडियमची दोन-तीन हुशार मुलं मीटिंगमध्ये म्यूटवरच बसायला लागली. मला राग आला तो त्याचा.

आता इतिहास. ओन्ली हा ‘वन’च्या घरातला. जुन्या इंग्रजीत तो ‘आन्लीच’ होता, म्हणजे एकासारखा, एकटा. (शेवटचा च निव्वळ योगायोग हां, आपला नाही!) त्याचं काम कुंपण घालायचं: हे एवढं, बाकी नाही. पण कुंपण नेमकं कुठे घालायचं, यावर खुद्द इंग्रज भांडत आलेत. 1762 मध्ये रॉबर्ट लाउथने व्याकरणात बजावलं की ‘तीनच शब्द बोललो’ म्हणायचं असेल तर ओन्ली ‘तीन’च्या शेजारी हवा, क्रियापदाच्या आधी नको. 1926 मध्ये फाउलर म्हणाला, अर्थाचा घोटाळा होत नसेल तर लोक बोलतात तसं बोलू द्या.

कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच कळेल. ‘ओन्ली अ‍ॅडमिन कॅन एडिट’मध्ये बाकीच्यांना दार बंद. ‘अ‍ॅडमिन कॅन ओन्ली एडिट’मध्ये बिचाऱ्या अ‍ॅडमिनलाच डिलीट करता येत नाही. मराठीत बघा: ‘अ‍ॅडमिनच एडिट करतो’, ‘अ‍ॅडमिन एडिटच करतो’. च थेट शब्दाला चिकटतो. लाउथ खूश झाला असता.

आणि हा च काही कालचा नाही. महाराष्ट्री प्राकृतात ‘च्चेअ’, ‘च्चिअ’ अशी रूपं सापडतात. 1290 च्या ज्ञानेश्वरीत तो ‘चि’ आहे: तोचि, हेंचि. पुढे तो दखनीत दिसतो, मुंबईच्या हिंदीत ‘इधरइच’ होतो. गुजरातीत हेच काम ‘ज’ करतो, हिंदीत ‘ही’. भाईंदरच्या लोकलमध्ये एका डब्यात तिन्ही ऐकू येतात.

फक्त एक फरक आहे. च नुसतं कुंपण घालत नाही, जोरही देतो. ‘मी इथेच आहे’ यात ‘दुसरीकडे नाही’पेक्षा ‘अरे, काळजी करू नकोस’ जास्त असतं. इंग्रज असा जोर बहुतेक वेळा आवाजाने देतात. आपल्याला त्यासाठी शब्द लागतो, मग आपण ओन्ली उचलला आणि चच्या जागी, शब्दाच्या मागे, बसवला.

मुंबईचे इंग्रजी कवी निस्सिम इझिकेल यांनी तो बरोब्बर टिपला. ते बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले. ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ या त्यांच्या कवितेत असा ओन्ली येतो. काहींना ती टिंगल वाटते. मला तिच्यात तीक्ष्ण कान दिसतो.

मी स्वतः रिक्वायरमेंट लिहिताना लाउथचा नियम पाळतो, कारण तिथे कुंपण चुकलं तर कुणाचा तरी अ‍ॅक्सेस जातो. फोनवर मात्र ‘ऑन द वे ओन्ली’. पुढच्या भागात ‘ऑलरेडी’ घेऊया.