चौकशी घाईत उरकली तर हरतं कोण?

पीएचडीचं पहिलं वर्ष म्हणजे कोर्सवर्क, विषय ठरवणं आणि गाइडच्या वेळा सांभाळणं. या गडबडीत नोटीस बोर्डावरची अंतर्गत समितीची यादी कोणी वाचत नाही. तुम्ही वाचा. तिच्यामागे मोठा इतिहास आहे.

१९९२ मध्ये राजस्थानातल्या भटेरी गावी भंवरीदेवींवर सामूहिक बलात्कार झाला. त्या सरकारी महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' होत्या आणि बालविवाह रोखणं हे त्यांचं कामच होतं. या घटनेतून आलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये 'विशाखा' मार्गदर्शक तत्त्वं दिली. समितीची अध्यक्ष स्त्री, निदान निम्म्या सदस्य स्त्रिया आणि बाहेरची एक जाणकार व्यक्ती, ही रचना तिथून आली.

पण समितीच्या अहवालाला वजन किती? समितीनंतर खात्याची वेगळी चौकशी बसली, की तक्रारदार बाईला तेच सगळं पुन्हा सांगावं लागे. पुण्याच्या 'आलोचना' संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांचं पत्र न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतलं होतं. त्यात २००४ मध्ये आदेश झाला: समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईसाठी चौकशी अहवाल.

आता नीट बघा. त्या अहवालावर एखाद्याची नोकरी जाऊ शकते, म्हणजे तो तितकाच पक्का हवा. गोवा विद्यापीठात २००९ मध्ये विद्यार्थिनींच्या तक्रारींवरून एका प्राध्यापकाची चौकशी झाली आणि पुढे त्याला बडतर्फ केलं गेलं. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. तक्रारी खोट्या ठरल्या म्हणून नव्हे, तर समितीने घाई केली, बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नाही म्हणून. प्रकरण चौदा वर्षांनी पुन्हा समितीकडे गेलं. यात त्या मुलींना काय मिळालं, सांगा!

आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोटोकॉल मोडला, की रीडिंग खरं असलं तरी निष्कर्ष टिकत नाही.

२०१३ चा कायदा आणि त्याचे नियम हा प्रोटोकॉलच आहेत. तक्रारीची प्रत समोरच्याला कामकाजाच्या ७ दिवसांत, त्याचं उत्तर १० दिवसांत. सुनावणीला किमान तीन सदस्य, त्यात अध्यक्ष हव्याच. दोन्ही बाजूंना वकील नाही. कोणी सलग तीन सुनावण्यांना विनाकारण आलं नाही तर एकतर्फी निर्णय घेता येतो, पण १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनच. चौकशी ९० दिवसांत संपवायची. आणि आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही.

यूजीसीच्या २०१५ च्या नियमावलीनुसार विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात समितीवर निवडून आलेले विद्यार्थी प्रतिनिधी असतात, त्यात एक संशोधक. विभागप्रमुख, अधिष्ठाता, कुलसचिव यांना समितीवर जागा नाही. तुमच्या नोटीस बोर्डावरच्या यादीत यांतलं कोणी दिसलं, तर तक्रार येण्याची वाट पाहू नका. आजच लेखी विचारा. उद्या तीच त्रुटी एखाद्या खऱ्या तक्रारीला बुडवू शकते.